शेवटी कुत्रं जगतं का, ते आधी बघा

तुमची मुलं सहा आणि नऊ वर्षांची, आणि सगळ्यांनी मिळून बघायला मुलं-कुत्र्यांचा एखादा जुना सिनेमा हवाय. निवडताना मी एकच बघतो: शेवटी कुत्रं जगतं का.

हे शहाणपण फटका बसल्यावर आलं. दिवाळीच्या सुट्टीत भाचरं आमच्याकडे सांगलीला आली होती. मध्ये भडंगाचं पातेलं ठेवलं आणि 'ओल्ड येलर' लावला. १९५७ चा, डिस्नेचा, म्हटलं यात कसली भीती? (पुढे शेवट सांगतोय, पण मुद्दा तोच आहे.) घरच्यांना वाचवताना त्या कुत्र्याला पिसाळलेला लांडगा चावतो, पुढे तोही पिसाळतो आणि ज्या पोराचा त्याच्यावर जीव, त्यालाच त्याला गोळी घालावी लागते. भडंग तसंच राहिलं. धाकटी भाची अंगणात जाऊन आमच्या गावठी मोत्याला बिलगून बसली. "मामा, त्याला इंजेक्शन का नाही दिलं?" प्रश्न बरोबर होता. गोष्ट अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या टेक्ससमधली. पाश्चरने रेबीजची लस माणसाला दिली ती त्यानंतर, १८८५ मध्ये, तीसुद्धा कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला. हे सांगून भागलं नाही. मोत्याचं लसीचं कार्ड कपाटातून काढून दाखवलं, तेव्हा कुठे ती जेवली.

तुम्ही 'बेन्जी' लावा, १९७४ चा. गावभर भटकणारं कुत्रं, त्याच्यावर जीव लावणारी दोन भावंडं आणि 'घरात कुत्रं नको' म्हणणारा बाप. मुलांना पळवून नेतात आणि त्यांचा ठावठिकाणा फक्त बेन्जीला माहीत असतो. तो मोठ्यांना समजावायला धडपडतो आणि त्याला सगळे हाकलतात. आमची पोरं टीव्हीवर ओरडत होती. कुत्र्याच्या प्रसंगांत संवाद थोडे, त्यामुळे इंग्रजी आडवं येत नाही. पळवापळवी जरा घाबरवते, सहा वर्षांचीला जवळ घेऊन बसा.

नऊवाल्यासाठी 'लॅसी कम होम', १९४३. गरिबीमुळे विकलेली कुत्री स्कॉटलंडहून यॉर्कशरला पायी परत येते. संथ आहे, रडवतो, पण शेवट गोड. लॅसीचं काम पाल नावाच्या नराने केलंय, हे सिनेमा संपल्यावर सांगा, पोरांना भारी गंमत वाटते.

'ओल्ड येलर' अजून तीन-चार वर्षं राहू द्या.

आणि घरात कुत्रं नसेल, तर दुसऱ्या दिवशी "आपण कधी आणायचं?" हे येणारच. उत्तर नवरा-बायकोने आधीच ठरवून ठेवा. 'बेन्जी'तल्या बापाचाही शेवटी नाइलाज होतो.