'गुण आला' म्हणजे नक्की किती आला?

निपाणीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: नैराश्यावरच्या लेखात 'मेंदूच्या स्कॅनवरून उपचारांना मिळणारा प्रतिसाद आधीच ओळखता येईल का?' असं वाक्य आलं. आपल्याकडे तर 'औषधाचा गुण आला' म्हणतात, मग 'प्रतिसाद' कशाला?

माझं मत 'गुणा'च्या बाजूनं. 'रुग्णानं प्रतिसाद दिला नाही' म्हटलं की बोट त्या बिचाऱ्याकडे जातं; 'गुण आला नाही' म्हटलं की गोळीकडे. 'जरा मनावर घे की' ऐकून ऐकून आधीच टेकीला आलेल्या माणसाबद्दल बोलताना हा फरक जपावा.

मात्र बेळगाव भागात यात एक मेख आहे. मराठीत गुण 'येतो', म्हणजे फरक जाणवायला लागतो. कन्नडमध्ये 'गुण आयितु' म्हणजे आजार बरा झाला. खानापूरची आजी 'गुण आलाय बघा' म्हणते तेव्हा रात्रीची झोप लागायला लागली, एवढंच तिला सांगायचं असतं. कन्नड कानाला ते 'बरी झाले' असं ऐकू येऊ शकतं.

संशोधनात या दोन्ही पायऱ्या वेगळ्या मोजतात. नैराश्य किती तीव्र आहे ते मोजणाऱ्या हॅमिल्टनच्या 17 मुद्द्यांच्या मोजपट्टीवर आकडा उपचारांआधीच्या निम्म्यावर आला की तो 'प्रतिसाद'. 7 किंवा त्याखाली गेला की आजार उतरला. (तिथले गुण कमी झाले की गुण आला, ही गंमत वेगळीच!) 1997 मध्ये मेंदूतज्ज्ञ हेलन मेबर्ग यांच्या गटाला पेट स्कॅनमध्ये असं दिसलं, की ज्यांच्या मेंदूच्या अँटिरिअर सिंग्युलेट भागाच्या पुढच्या टोकाला ग्लुकोजचा वापर आधीपासून जास्त होता, त्या रुग्णांना औषधाचा गुण आला, कमी होता त्यांना नाही. हा मराठी 'गुण'. 2013 च्या अभ्यासात त्यांनी आजार पुरता उतरण्याकडे पाहिलं: उजव्या इन्सुलात, म्हणजे मेंदूच्याच दुसऱ्या एका भागात, ग्लुकोजचा वापर कमी असलेल्यांना सीबीटी, म्हणजे बोलून करायचे उपचार, लागू पडले, जास्त असलेल्यांना एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी. हा झाला कन्नड 'गुण'.

म्हणून लिहिताना पहिल्या पायरीला 'गुण येणे', दुसरीला 'आजार उतरणे' आणि उपचारांच्या निवडीबद्दल 'लागू पडणे' वापरावं. आणि लेखातल्या त्या स्कॅनच्या वाक्यातलं प्रश्नचिन्ह काढू नये. आज नैराश्यात डोक्याचा एमआरआय काढायला सांगतात तो गाठ किंवा दुसरं काही नाही ना, हे पाहायला. कुठली गोळी द्यायची ते त्यावरून ठरत नाही.