सायकलवर नको, टायरवर खर्च कर

अगं,

सायक्लोक्रॉस, म्हणजे चिखल, गवत आणि वाळूतून लॅप मारायची सायकल रेस, सुरू करायचीय म्हणून कुठली सायकल घेऊ असं विचारणारा तुझा मेसेज वाचला, आणि सोबत पाठवलेला तो साडेतीन हजार युरोच्या कार्बन सायकलचा फोटो पण बघितला. देखणी आहे, वादच नाही. घेऊ नकोस. ल्यूव्हेनला येऊन तुला जेमतेम वर्ष झालंय, स्कॉलरशिपवर राहतेस, आणि पुढचे चार महिने ही सायकल बेल्जियमच्या शेतात लोळणार आहे, तिच्यावरून तू पडणार, मग ती तुझ्यावर पडणार.

सेकंडहँड ॲल्युमिनियमची बघ. इथली पोरं भराभर उंच होतात, त्यामुळे छोट्या साइझच्या कमी वापरलेल्या सायकली सारख्या विकायला येतात, आणि आपल्यासारख्या पाच फूट दोन इंचवाल्यांचं नशीब तिथेच उघडतं. डिस्क ब्रेकवालीच घे. यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, सायक्लोक्रॉसमध्ये डिस्कला 2010 साली परवानगी दिली, त्याच्या आधीच्या सायकलींना रिमवर घासणारे कँटिलिव्हर ब्रेक असतात, स्वस्त मिळतात पण ओल्या चिखलात ते ब्रेक नसून नुसती विनंती असते. ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची सायकल, परवडत असेल तर ती पण चालेल, जरा लांब आणि जड वाटेल, पहिल्या वर्षी त्याने काही अडत नाही. पुढे पेडलपाशी एकच चेनरिंग (दात्यांची चकती), 38 किंवा 40 दातांची, मागे 34 दातांपर्यंत, आणि गिअर बदलणारं डिरेलर क्लचवालं, म्हणजे खड्ड्यात चेन उडत नाही.

बघायला गेलीस की रंगबिंग सोड, आधी टायर आणि फोर्कच्या मधे करंगळी घाल. आरामात गेली पाहिजे, मागच्या बाजूला पण. माझ्या पहिल्या सीझनला मी ज्या सायकलवर उतरले तिच्यात जेमतेम कागद जाईल एवढी जागा होती. दुसऱ्या लॅपला चिखल आणि कापलेलं गवत तिथे असं काही ठासून बसलं की चाक फिरायचंच बंद झालं. पावसानंतर काळ्या रानात चप्पल कशी दोन-दोन किलोची होते, तसंच. मी कडेला उभी राहून घराच्या किल्लीने गवत उकरतेय आणि एक आजोबा बिअरचा ग्लास हातात धरून मन लावून बघतायत.

आता टायर, खरा जीव इथे आहे. यूसीआयच्या नियमाने 33 मिमीपेक्षा रुंद टायर चालत नाही. गावातल्या हौशी रेसला बऱ्याचदा कोणी मोजत बसत नाही, तरी नाव नोंदवताना विचारून घे. बरेच प्रो लोक रिमला चिकटवलेले ट्युब्युलर टायर वापरतात, तू त्या गोंदाच्या नादी लागू नकोस, ट्युबलेस कर, म्हणजे आत ट्यूब नसलेले. एकच जोडी घ्यायची तर ना फार खोल ना फार गुळगुळीत अशा मधल्या नक्षीची, चॅलेंज कंपनीच्या ग्रिफोसारखी. पैसे उरले तर जुन्या चाकांची अजून एक जोडी घेऊन तिच्यावर खोल गुट्ट्यांचे चिखलाचे टायर कायमचे चढवून ठेव, कारण रेसच्या सकाळी बोटं गारठलेली असताना टायर बदलणं म्हणजे शिक्षा. कोपनबर्गची 1 नोव्हेंबरची रेस बघायला जा एकदा, चढावरचं ते ओलं कुरण बघ, मग माझं पटेल. झोनहोव्हनच्या वाळूच्या खड्ड्यात तर वेगळाच तमाशा, तिथे जवळपास गुळगुळीत टायर लावतात.

आणि हवा! मी पुण्याच्या रोडवरच्या सवयीने 4 बार भरून गेले होते, पहिल्याच वळणावर सायकल एकीकडे नि मी दुसरीकडे. तुझं वजन 55 किलोच्या आसपास असेल तर पुढे 1.4 बार, मागे 1.5 पासून सुरू कर. अंगठ्याने दाबलंस तर टायर पंक्चर झाल्यासारखा वाटेल, घाबरू नकोस. झाडाच्या मुळावरून जाताना रिम टक् करून वाजली तर एक टिचकीभर वाढव. पंपाच्या काट्यावर एवढ्या खालचं काही धड कळत नाही, त्यामुळे कमी प्रेशर मोजणारा वेगळा डिजिटल गेज घे. माझ्या मते अख्ख्या किटमधली सगळ्यात वसूल वस्तू तीच.

बाकीचं पटकन सांगते. पेडल एसपीडी घे, म्हणजे बूट अडकतो ते, दोन्ही बाजूंनी लागणारं. रोडचे बूट अजिबात नकोत, दोन बोल्टवाले एमटीबीचे (माउंटन बाइकचे) घे, पुढे स्पाइक लावायची भोकं असलेले, कारण वाटेत आडव्या लावलेल्या 40 सेंटीमीटर उंच फळ्या आल्या की उतरून पळायचंय, चढावर सायकल खांद्यावर घ्यायचीय. बाटलीचा पिंजरा काढून टाक, खांद्याला टोचतो. ब्रेकपॅड धातूचे टाक, रेझिनचे असले तर वाळूमिश्रित चिखलात एका दिवसात संपू शकतात. पिटमधे, म्हणजे रेस चालू असताना सायकल बदलायच्या जागी, ठेवायला दुसरी सायकल लागते असं कोणी म्हणालं तर हसून सोडून दे, ती वर्ल्ड कपवाल्यांची चैन. धुताना प्रेशरचा पाइप हबवर (चाकाच्या मध्यावर) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या आसावर) मारू नकोस, ग्रीस निघून जातं, बादली आणि ब्रश बास.

सायकल ठरवायच्या आधी टायर आणि फोर्कच्या मधला फोटो मला पाठव. रविवारी मी गाडी घेऊन येते, गेज माझा वापरू. येताना दोन मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, कोरडे मोजे आणि बुटात कोंबायला जुने पेपर घेऊन ये, नाहीतर सोमवारी क्लासला ओल्या बुटात जाशील.

तुझी मावशी