पाळी नियमित असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपासचे चार दिवस सोडून बाकीचे दिवस सुरक्षित धरता येतात का?

तुम्ही लिहिलंय की तुमची पाळी २७ ते ३० दिवसांनी येते. फोनमधलं ॲप चौदाव्या दिवसाच्या मागेपुढे चार दिवस रंगवून दाखवतं. तेवढे टाळले की बाकी महिना काळजी नाही ना, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा असा, की गोळ्या सुरू करायची भीती वाटते, कारण 'हॉर्मोनच्या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही' असं कुणीतरी सांगितलंय. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. हे प्रश्न माझ्यासमोर बहुतेक वेळा पाळी चुकल्यावर येतात. तुम्ही आधी विचारलंत याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चार दिवस पुरत नाहीत. तुमच्याच आकड्यांवरून किती दिवस निघतात ते पुढे दाखवते.

चौदा हा आकडा खोटा नाही, तो उलट्या बाजूने मोजायचा असतो. १९२०च्या दशकात जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस या दोन डॉक्टरांनी एकमेकांशी संबंध नसताना हीच गोष्ट शोधून काढली: स्त्रीबीज सुटतं ते पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी. ओगिनोंनी तर १२ ते १६ दिवस अशी पट्टीच दिली होती. पाळी बरोबर अठ्ठावीस दिवसांची असेल तर पुढून मोजा की मागून, उत्तर सारखंच येतं. त्यामुळे 'पुढच्या पाळीआधी' हे शब्द गळून पडले आणि 'चौदावा दिवस' तेवढा लोकांच्या तोंडी राहिला.

आता मागूनच का मोजायचं? पाळी सुरू झाली की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, सोडते आणि अंडाशयातली काही पुटकं, म्हणजे बीज असलेल्या पाण्याच्या बारीक पिशव्या, वाढायला लागतात. त्यातली एक पुढे निघते आणि इस्ट्रोजेन तयार करू लागते. या इस्ट्रोजेनचा पियुषिकेला एरवी निरोप असतो की पुरे, आता हात आखडता घे. पण त्याची पातळी वाढून दोनेक दिवस वरच टिकली, की तोच निरोप उलटा लागू पडतो. पियुषिका एलएच नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचा लोंढा सोडते, आणि त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी पुटक फुटून बीज बाहेर पडतं. मला शरीराचा हा भाग इतकी वर्षं शिकवूनही दर वेळी नवल वाटतं.

इथपर्यंत पोचायला किती दिवस लागतील हे नक्की नसतं. ताप आला, वजन झपाट्याने उतरलं, मनावर मोठा ताण आला, तर मेंदू हे काम लांबवतो. बीज एकदा सुटलं की मात्र घड्याळ बऱ्यापैकी ठरलेलं असतं. फुटलेल्या पुटकाचं पीतपिंड होतं, ते प्रोजेस्टेरॉन तयार करतं आणि गर्भ राहिला नाही तर सुमारे दोन आठवड्यांत सुकतं. प्रोजेस्टेरॉन घसरलं की गर्भाशयाचं अस्तर गळतं, तीच पाळी. म्हणून 'पाळी लांबली' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा लांबलेलं असतं ते बीज सुटणं. पाळी ही दोन आठवड्यांपूर्वी होऊन गेलेल्या घटनेची बातमी असते, आणि तुमचं ॲप जुन्या बातम्यांवरून पुढचा अंदाज बांधत असतं.

एक बाई माझ्याकडे छोटी वही घेऊन आल्या होत्या. अकरा महिन्यांच्या तारखा, शेजारी दिवसांचे आकडे: २८, २९, २८, २८, २७... इतकी नीट नोंद मी क्वचितच पाहिली आहे. तरी दिवस राहिले होते. शेवटच्या महिन्याच्या पानावर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'ताप, ५ दिवस' असं लिहिलेलं होतं. सोनोग्राफी केली तर पाळीच्या तारखेवरून जेवढा हवा त्यापेक्षा गर्भ आठवडाभर लहान भरला. म्हणजे त्या महिन्यात बीज चौदाव्या दिवशी सुटलंच नव्हतं, एकविसाव्याच्या आसपास सुटलं होतं. त्यांनी 'सुरक्षित' म्हणून धरलेला अठरावा-एकोणिसावा दिवस नेमका त्याच्या तोंडावर आला. त्या सारख्या म्हणत होत्या, माझं मोजायला चुकलं. मोजायला त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला.

हे झालं बीजाचं. शुक्राणूंचा हिशोब वेगळा. बीज सुटल्यावर फार तर एक दिवस टिकतं. शुक्राणू मात्र अनुकूल दिवसांत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात. गर्भाशयाच्या तोंडाशी बारीक खाचा असतात, तिथल्या स्रावात ते थांबतात आणि तिथून थोडे थोडे वर गर्भनलिकेकडे जात राहतात. बीज आणि शुक्राणू यांची गाठ पडते ती नलिकेच्या बाहेरच्या, रुंद भागात. त्यामुळे दिवस राहू शकतील असा काळ सुमारे सहा दिवसांचा: बीज सुटण्याआधीचे पाच आणि ते सुटतं तो दिवस. २०००मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा सगळा काळ दहाव्या ते सतराव्या दिवसाच्या आत बसणाऱ्या स्त्रिया जेमतेम तीस टक्के निघाल्या.

आता तुमचे आकडे घेऊ. सर्वात छोटं चक्र २७ दिवसांचं, म्हणजे पुढची पाळी अठ्ठाविसाव्या दिवशी. त्यातून १६ वजा केले की बीज सुटण्याचा सर्वात लवकरचा दिवस बारावा, आणि शुक्राणूंचे पाच दिवस वजा केले की सातवा. सर्वात मोठं चक्र ३० दिवसांचं, पुढची पाळी एकतिसाव्या दिवशी. त्यातून १२ गेले की एकोणिसावा, आणि बीजाचा एक दिवस मिळवला की विसावा. सातव्यापासून विसाव्यापर्यंत, म्हणजे तब्बल चौदा दिवस. ॲप तुम्हाला चार दाखवतंय.

२६ ते ३२ दिवसांची पाळी असलेल्यांसाठी आठवा ते एकोणिसावा दिवस टाळायचा अशी एक तपासून पाहिलेली पद्धत आहे. ती काटेकोर पाळली तरी वर्षभरात १०० पैकी ५ जणींना दिवस राहतात, आणि प्रत्यक्ष संसारात जशी पाळली जाते तशी धरली तर १२ जणींना. मोजण्यावर राहायचंच असेल तर निदान अंगाची खूण सोबत घ्या. बीज सुटायच्या आधीच्या दिवसांत योनीतून जाणारा स्राव पातळ, पारदर्शक आणि निसरडा होतो. अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूच लांब केली तर अंड्याच्या कच्च्या पांढऱ्यासारखी त्याची तार निघते. तार दिसली की दार उघडलं असं समजा. बीज सुटून गेल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळे तोच स्राव घट्ट, चिकट होतो आणि सकाळी उठल्या उठल्या मोजलेलं अंगाचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं. पण तापमान चढतं ते बीज सुटल्यावर. दार उघडल्याचं त्यातून कळत नाही, बंद झाल्याचं कळतं. लघवीत एलएच तपासायची पट्टी दिवसभर-दीड दिवस आधी सूचना देते. मूल हवं असणाऱ्यांना ती उपयोगी. नको असणाऱ्यांना मात्र ती उशिरा सांगते, कारण तीन दिवसांपूर्वीचे शुक्राणू आत बसलेलेच असतात.

गोळ्यांच्या भीतीकडे येते. संयुक्त गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीची संप्रेरकं अगदी थोड्या प्रमाणात असतात. ती रोज मिळत राहिली की पियुषिका शांत राहते, एकही पुटक पुढे निघत नाही, एलएचचा लोंढा येत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट राहतो. म्हणजे वर सांगितलेली सगळी अनिश्चितताच गोळी काढून टाकते.

तिने बीजं संपतात किंवा खराब होतात, असं काही नाही. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात त्यातली चारशेच्या आसपास प्रत्यक्ष सुटतात. बाकीची जागच्या जागी विरून जातात. गोळी घ्या किंवा घेऊ नका, ते विरणं चालूच असतं. गोळ्या थांबवल्यावर वर्षभराने पाहिलं तर दिवस राहण्याचं प्रमाण इतर स्त्रियांइतकंच असतं.

मग ही समजूत आली कुठून? माझ्या मते दोन ठिकाणांहून. तीन महिन्यांचं जे इंजेक्शन असतं, ते बंद केल्यावर दिवस राहायला खरोखरच नऊ-दहा महिने लागू शकतात. लोकांनी तो अनुभव गोळ्यांनाही चिकटवला. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. गोळ्यांच्या पाकिटाच्या शेवटच्या आठवड्यात जो रक्तस्राव होतो ती खरी पाळी नसते. संप्रेरकं थांबल्यामुळे अस्तर गळतं, इतकंच. १९६०मध्ये अमेरिकेत पहिल्या गोळीला मान्यता मिळाली, तेव्हापासून साधारण तीन आठवडे गोळी आणि मग खंड अशी रचना आहे; नेहमीच्या पाकिटात ती २१ दिवस गोळी आणि ७ दिवस खंड अशी असते. ती ठेवली कारण दर महिन्याला पाळीसारखं काही आलं की बायकांना ते नेहमीचं वाटावं. त्यामुळे जिची पाळी मुळात अनियमित आहे, तिलाही गोळ्यांवर घड्याळासारखा रक्तस्राव होतो. गोळ्या थांबल्या की जुनी अनियमितता परत दिसते आणि दोष गोळ्यांवर जातो.

या सात दिवसांबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण गोळ्या घेऊनही दिवस राहतात ते बऱ्याचदा इथे. खंडाच्या आठवड्यात पियुषिका जागी होते आणि पुटकं पुन्हा वाढू लागतात. सातव्या दिवसानंतर नवं पाकीट वेळेवर सुरू झालं तर ती परत थांबतात. दोन-तीन दिवस उशीर झाला तर एखादं पुटक हाताबाहेर जातं. पाकिटाच्या मधली एखादी गोळी चुकणं त्या मानाने किरकोळ. नव्या पाकिटाची पहिली गोळी कधीही लांबवू नका.

गोळी सगळ्यांना चालते असं मात्र मी म्हणणार नाही. डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेघा दिसून मग सुरू होणारी अर्धशिशी, उच्च रक्तदाब, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात झालेली रक्ताची गुठळी, पस्तिशीनंतरचं धूम्रपान, नुकतंच बाळंतपण: यातलं काही असेल तर इस्ट्रोजेनची गोळी नको. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं चालू असतील तर गोळीचा परिणाम कमी होतो. गुठळीचा धोका निरोगी बाईलाही थोडा वाढतो: गोळी न घेणाऱ्या दहा हजारांत वर्षाला सुमारे २, घेणाऱ्यांत ५ ते १२. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत तो याहून कितीतरी जास्त असतो, हेही सोबत सांगायला हवं.

संप्रेरकं नकोतच असं वाटत असेल तर तांबी आहे. तांबं शुक्राणूंना निकामी करतं, बीज ठरल्याप्रमाणे सुटत राहतं. वर्षाला १०० पैकी एकीपेक्षाही कमी जणींना दिवस राहतात, आणि नेहमीच्या प्रकारची तांबी दहा वर्षं चालते. पहिले काही महिने अंगावरून जास्त जाणं आणि पोटात दुखणं याची तयारी ठेवा. कंडोम दर वेळी नीट वापरला तर १०० पैकी २, आणि लोक वापरतात तसा वापरला तर १३. गुप्तरोगांपासून संरक्षण मात्र यातल्या फक्त कंडोमच देतो.

संबंधानंतर घ्यायची तातडीची गोळी अगदी अडचणीपुरतीच धरा. ती बीज सुटणं पुढे ढकलते. एलएचचा लोंढा सुरू झालेला असेल तर तिचा उपयोग होत नाही, म्हणून ७२ तास आहेत म्हणून थांबायचं नाही, जितक्या लवकर तितकं बरं. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी तिच्याहून भरवशाची.

आणि एक गोष्ट मला राहून राहून सलते. बाईचे महिन्यातले सहा दिवस मोजायला वह्या, ॲप, पट्ट्या, थर्मामीटर. पुरुषाला असा दिवसच नाही. त्याच्याकडे शुक्राणू रोज तयार होतात, एकेकाला पूर्ण व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात आणि रांग कधी संपत नाही. (पुरुष नसबंदीनंतरही तीनेक महिने दुसरं साधन वापरून मग तपासणी करायची असते ती वाटेत साठलेले शुक्राणू संपावेत म्हणून.) तुमच्या प्रश्नात 'मी मोजते', 'मला भीती वाटते' असंच आहे, 'आम्ही' कुठे दिसलं नाही. डॉक्टरांकडे जाल तेव्हा जोडीदारालाही सोबत न्या.

जाताना गेल्या सहा पाळ्यांच्या पहिल्या दिवसांच्या तारखा, चालू असलेल्या औषधांची नावं आणि घरात कुणाला गुठळी झाली असेल तर ते लिहून घ्या. रक्तदाब तिथे मोजून घ्या. तोपर्यंत, आजपासून, कंडोम वापरा. या महिन्यात 'सुरक्षित' म्हणून धरलेल्या दिवशी संबंध आला असेल आणि शंका असेल, तर त्या दिवसापासून तीन आठवड्यांनी सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. त्याआधी 'नाही' आलं तरी त्यावर विसंबू नका.