फोक्सवॅगन ही हिटलरने काढलेली कंपनी आहे हे खरं का? तिचा इतिहास काय आहे?

कारखान्याचा पाया हिटलरच्या हस्ते घातला गेला, हे खरं आहे. पण त्याच्या राजवटीत एकाही सामान्य माणसाला पैसे भरून तिथली गाडी मिळाली नाही. लोकांनी विकत घेतली ती फोक्सवॅगन त्याच्या मृत्यूनंतर, ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली बनायला लागली. मी चाकणच्या पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करतो. चहाच्या वेळी हा विषय निघाला की कुणीतरी ‘हिटलरची गाडी’ म्हणून तो मिटवून टाकतो. माझ्या मते ‘गाडी कुणाची’ यापेक्षा ‘पैसा कुणाचा’ हे विचारलं, तर या कंपनीचा इतिहास जास्त नीट कळतो.

स्वस्त, छोटी, मागे इंजिन असलेली गाडी ही कल्पना मुळात हिटलरची नव्हती. योजेफ गांझ नावाचा ज्यू इंजिनिअर आपल्या मासिकातून अशा गाडीसाठी कित्येक वर्षं भांडत होता. त्याच्या कल्पनांवर बेतलेली ‘श्टांडर्ड सुपेरियर’ १९३३ मध्ये बाजारात आलीही होती. त्याच वर्षी त्याला गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, पकडलं, सुटल्यावर त्याने देश सोडला, आणि तो शेवटी ऑस्ट्रेलियात वारला. चेकोस्लोव्हाकियात टाट्रा कंपनीत (आपल्या टाटांशी काही संबंध नाही) हान्स लेडविंका तसल्याच धाटणीच्या गाड्या बनवत होता. बेला बारेनी याने तर विद्यार्थी असताना १९२५ च्या सुमारास असा आराखडा काढला होता, आणि ते श्रेय त्याने १९५०च्या दशकात कोर्टात जाऊन मिळवलं. पुढे हिटलरच्या गाडीचं काम ज्याच्याकडे आलं त्या फर्डिनांड पोर्शे या इंजिनिअरनेही हिटलरच्या आधी झुंडाप आणि एनएसयू या दुचाकी कंपन्यांसाठी छोट्या गाड्यांचे नमुने तयार केले होते. थोडक्यात, कल्पना हवेत होती. हिटलरने तिच्यामागे सरकारी जोर लावला, आणि एक अशक्य अट घातली.

ती अट म्हणजे किंमत. जून १९३४ मध्ये जर्मन मोटार उद्योगाच्या संघटनेने पोर्शेशी करार केला. दोन मोठी माणसं आणि मुलं बसतील, ताशी १०० किलोमीटर धावेल, १०० किलोमीटरला ७ लिटरच्या आसपास पेट्रोल पिईल, आणि किंमत ९९० राइशमार्क (तेव्हाचं जर्मन चलन). तेव्हा स्वस्तातली ओपेलसुद्धा याच्या दीडपटीच्या घरात होती. खाजगी कंपन्यांना आकडे कळत होते, त्यांनी हळूहळू अंग काढून घेतलं. मग हे काम ‘जर्मन लेबर फ्रंट’ या नाझी कामगार संघटनेकडे आलं. मे १९३३ मध्ये नाझींनी देशातल्या सगळ्या स्वतंत्र कामगार संघटना मोडून त्यांच्या इमारती, बँकेतल्या ठेवी, सगळं जप्त केलं होतं. ती मालमत्ता या लेबर फ्रंटच्या ताब्यात होती, आणि कारखान्याचं भांडवल त्यातून उभं राहिलं. म्हणजे कामगारांच्या वर्गणीचा पैसा लुटून हा कारखाना बांधला गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण १९४५ नंतर सगळं प्रकरण तिच्याभोवती फिरतं.

२६ मे १९३८ रोजी फालर्सलेबेनजवळ, कालव्याकाठच्या मोकळ्या माळावर कोनशिला बसली. गाडी घेण्यासाठी योजना होती ती अशी: दर आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट घ्यायचं, पुस्तकात चिकटवायचं, पुस्तकं भरली की गाडीसाठी नंबर लागणार. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले. आपल्याकडे भिशी बुडते तशीच ही बुडाली. फरक इतकाच की इथे चालक सरकार होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि कारखाना लष्कराकडे वळला. युद्धानंतर या लोकांनी कंपनीवर खटला भरला. तो १९६१ पर्यंत चालला आणि तडजोड झाली ती नव्या गाडीवर जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट, नाहीतर १०० मार्क रोख.

युद्धकाळात तिथे क्यूबेलवागेन नावाची लष्करी जीप, पाण्यावर तरंगणारी गाडी, व्ही-१ या उडत्या बॉम्बचे भाग असं काय काय बनत होतं. बनवणारे बहुतेक जण बळजबरीने आणलेले होते. पोलिश, सोव्हिएत युद्धकैदी, फ्रेंच, इटालियन, छळछावण्यांतून आणलेले ज्यू, असे युद्धभरात जवळजवळ २० हजार लोक तिथे राबले. या मजूर बायकांची तान्ही मुलं त्यांच्यापासून तोडून र्यूएन या गावी एका ‘बालगृहात’ ठेवली जात, आणि तिथे शेकडो बाळं उपासमारीने, आजाराने मेली. त्याला जबाबदार असलेल्या कारखान्याच्या डॉक्टरला ब्रिटिशांनी १९४७ मध्ये फाशी दिली. कंपनीला हे तोंडाने मान्य करायला फार वर्षं लागली. १९८० च्या दशकात तिने हान्स मोमझेन या इतिहासकाराकडे संशोधन सोपवलं, १९९८ मध्ये हयात मजुरांसाठी २ कोटी मार्कांचा निधी काढला. ‘हिटलरची गाडी’ म्हणून हसण्यावारी नेताना हा भाग आपल्याकडे कधीच कुणाला आठवत नाही.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य तिथे पोचलं, पुढे तो भाग ब्रिटिशांकडे गेला. कारखान्याभोवतीच्या वसाहतीला जवळच्या जुन्या किल्ल्यावरून वोल्फ्सबुर्ग हे नाव पडलं. आणि ऑगस्टमध्ये मेजर आयव्हन हर्स्ट तिथे आला. यॉर्कशरचा इंजिनिअर, वय २९. छप्पर फुटलेलं, पोलाद नाही, कोळसा नाही, कामगारांच्या पोटाला पुरेसं अन्न नाही. कारखाना मोडून यंत्रं युद्धभरपाईत नेण्याच्या यादीत. हर्स्टने तिथे सापडलेली एक गाडी ब्रिटिश लष्कराच्या हिरव्या रंगात रंगवून मुख्यालयात धाडली. लष्कराला गाड्यांची टंचाई होतीच, २० हजार गाड्यांची ऑर्डर आली आणि त्या ऑर्डरच्या आडोशाने कारखाना वाचला. २७ डिसेंबर १९४५ पासून पोर्शेच्या त्या गाडीचं, म्हणजे पुढे ‘बीटल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गाडीचं, नियमित उत्पादन सुरू झालं. निव्वळ गाड्या काढून हर्स्ट थांबला नाही. तपासणीची शिस्त, सर्व्हिसची व्यवस्था, सुट्या भागांचा पुरवठा हे त्याने तेव्हाच बसवलं. ज्यांनी एखाद्या व्हेंडरकडे काम केलंय त्यांना कळेल, की मालाचा तुटवडा असताना ‘रिजेक्ट’चा शिक्का मारायला किती धमक लागते.

ब्रिटिश कंपन्यांनी ही गाडी पाहून नाकं मुरडली: आवाज फार, दिसायला विचित्र, धंदा व्हायचा नाही. कारखाना घ्यायला त्यांच्यातलं कुणी पुढे आलं नाही. मोटार उद्योगाच्या इतिहासात याहून मोठी चूक शोधावी लागेल. पुढे जर्मनीत नवं चलन आलं, जर्मन उद्योग उभा राहिला, आणि ब्रिटिश मोटार उद्योगाचं काय झालं ते आपण पाहतोच.

जानेवारी १९४८ मध्ये हर्स्ट आणि त्याच्या वरिष्ठांनी हाइनरिश नॉर्डहॉफला कारखान्याच्या प्रमुखपदी बसवलं. हा मूळचा ओपेलचा माणूस. त्याचं धोरण सरळ होतं: बाहेरचा आकार बदलायचा नाही, आतलं दरवर्षी सुधारायचं, आणि परदेशात सर्व्हिस सेंटर उभं राहिल्याशिवाय तिथे गाडी विकायची नाही. बेन पॉन या डच आयातदाराने १९४७ मध्ये वहीत एका डबड्यासारख्या व्हॅनचं चित्र काढलं होतं, त्यातून १९५० मध्ये ‘ट्रान्सपोर्टर’ आली, हिप्पींची म्हणून ओळखली जाणारी तीच बस. हाच पॉन १९४९ मध्ये बीटल घेऊन अमेरिकेला गेला. त्या वर्षी तिथे दोन गाड्या खपल्या. १९५५ मध्ये मात्र कारखान्यातून दहा लाखावी बीटल बाहेर पडली होती. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉइल डेन बर्नबाख या एजन्सीने जाहिरात केली: पानभर कोरी जागा आणि कोपऱ्यात एवढीशी गाडी, लहान विचार करा असं सांगणारी. एजन्सीतले बर्नबाख ज्यू होते. नाझींच्या गाडीला अमेरिकेत लाडकी करणाऱ्यांत त्यांचा हात आहे, यावर कुणी वेगळं लिहायला हवं.

आता मालकी. कारखाना होता लेबर फ्रंटचा, आणि ती संघटनाच आता अस्तित्वात नव्हती. १९४९ मध्ये ब्रिटिशांनी तो पश्चिम जर्मनीच्या केंद्र सरकारकडे आणि लोअर सॅक्सनी राज्याकडे सोपवला. कामगार संघटनांचं म्हणणं, पैसा आमचा होता. राज्य म्हणे आमचा, केंद्र म्हणे आमचा. १९६० मध्ये त्यावर खास कायदा झाला, आणि ६० टक्के शेअर सामान्य लोकांना विकून केंद्र व राज्याने २०-२० टक्के ठेवले. केंद्राने आपला वाटा १९८८ मध्ये विकला, राज्याने अजून सोडलेला नाही. या कायद्यामुळे मोठे निर्णय २० टक्के मतांनी अडवता येतात. शिवाय नवा कारखाना काढायचा किंवा हलवायचा तर संचालकांवर देखरेख करणाऱ्या मंडळात दोन तृतीयांश मतं लागतात, आणि तिथल्या निम्म्या जागा कामगार प्रतिनिधींच्या आहेत. लुटलेल्या पैशाचा हिशेब इतक्या आडवळणाने कामगारांकडे परत आला.

एकाच गाडीवर जगण्याचे परिणाम १९७० नंतर दिसले. १७ फेब्रुवारी १९७२ ला बीटलने फोर्ड मॉडेल टीचा दीड कोटींचा विक्रम मोडला खरा, पण गाडी म्हातारी झाली होती. मागचं हवेने थंड होणारं इंजिन आवाज करायचं, सामानाला जागा नाही, हीटर कमजोर, आणि अमेरिकेचे धूर व अपघात-सुरक्षेचे नियम कडक होत चाललेले. १९७४ मध्ये कंपनीला ८० कोटी मार्कांहून जास्त तोटा झाला. वाचवलं ते ऑडीने. ही कंपनी १९६० च्या दशकात डाइम्लर-बेंझकडून घेतलेली होती, आणि तिथे पुढे इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, पाण्याने थंड होणारी रचना, हे सगळं ज्ञान तयार होतं. त्यातून १९७३ ला पसाट आली, १९७४ ला जोर्जेटो जुजारोने रेखाटलेली गोल्फ. इंजिन आडवं बसवल्यामुळे बाहेरून छोटी आणि आतून ऐसपैस. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक हॅचबॅकची मांडणी हीच आहे. बीटल मात्र मेक्सिकोत बनतच राहिली, २००३ मध्ये थांबली तेव्हा आकडा २ कोटी १५ लाखांच्या वर गेला होता.

पुढचं भराभर सांगतो. १९८६ ला स्पेनची सेआट, १९९१ ला चेक श्कोडा, १९९८ ला बेंटली, लँबोर्गिनी, बुगाटी. १९९८ चा हा सपाटा फर्डिनांड पिएखचा, म्हणजे पोर्शेच्या नातवाचा. २००८ मध्ये पोर्शे कंपनीने गुपचूप फोक्सवॅगनच गिळायचा प्रयत्न केला. ज्यांनी शेअर पडणार म्हणून ते उसने घेऊन आधी विकून ठेवले होते त्यांना परत घ्यायला बाजारात शेअरच उरले नाहीत. भाव १,००० युरोंवर गेला, आणि थोड्या वेळापुरती ही जगातली सगळ्यात मौल्यवान कंपनी होती. शेवटी राज्याचे २० टक्के आड आले, पोर्शे कर्जात बुडाली, आणि उलट फोक्सवॅगननेच तिचा गाड्यांचा व्यवसाय घेतला.

सप्टेंबर २०१५ चं डिझेल प्रकरण तुम्हाला माहीत असेल. गाडी चाचणीच्या रोलरवर आहे हे स्टीअरिंग, वेग, वेळ यांवरून सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करायचं. रस्त्यावर आल्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कित्येक पट. जगभरात १ कोटी १० लाख गाड्या, दंड-भरपाईचा खर्च ३,००० कोटी युरोंच्या पुढे. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेने गाड्या तपासल्या आणि कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवायचं जाहीर केलं.

आपल्याकडे हा समूह आधी श्कोडाच्या नावाने २००१ मध्ये औरंगाबादला आला. चाकणचा कारखाना ३१ मार्च २००९ ला सुरू झाला. त्याच वर्षअखेर तिथे पोलो बनू लागली. पोलो भारतात २०२२ मध्ये बंद झाली. तिचे चाहते अजून हळहळतात, मीही त्यांतलाच. सध्या तिथे टायगुन आणि व्हर्टस बनतात, आणि बाहेरच्या देशांतही जातात.

आज फोक्सवॅगनची निम्म्याहून जास्त मतं पोर्शे आणि पिएख या घराण्यांकडे आहेत, २० टक्के लोअर सॅक्सनीकडे, आणि १७ टक्के कतारच्या सरकारी निधीकडे. २०२४ मध्ये कंपनीने जर्मनीतले कारखाने बंद करायची भाषा सुरू केली, तेव्हा संप झाले, आणि डिसेंबरमध्ये तोडगा निघाला तो असा: २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त नोकऱ्या कमी होतील, पण निवृत्ती आणि स्वेच्छेने, कुणालाही सक्तीने काढायचं नाही.