शिकाऊ हाताला कोणती गाडी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : लर्निंग लायसन्स नुकतंच मिळालं आहे. साडेतीन लाखांच्या आत जुनी गाडी घ्यायची आहे. रोजचं जाणं-येणं १५-२० किलोमीटर, महिन्यातून एखादी कोल्हापूरची खेप. पेट्रोल, डिझेल की सीएनजी? आणि मॉडेल कोणतं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : डिझेल डोक्यातून काढा. एवढ्याशा धावेवर इंधनाची बचत नगण्य, आणि टर्बो किंवा इंजेक्टरचं एकच काम निघालं की ती पुसून जाते. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी अधूनमधून सलग वेगात पळाली तरच तो स्वच्छ राहतो. गावातल्या गावात फिरवली की तुंबतो. सीएनजी रोज ५०-६० किलोमीटर चालवणाऱ्याला फायद्याची. घ्यायचीच झाली तर किट आरसीवर चढलेलं आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (दाब सहन करण्याची चाचणी) झालेली आहे का, हे बघा. तुमच्यासाठी साधी मॅन्युअल पेट्रोल गाडी बरी.

मॉडेलच्या आधी मात्र साल ठरवा. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग. शेजारच्या सीटची एअरबॅग २०२१च्या अखेरीस सगळीकडे सक्तीची झाली. नवशिक्या घाबरला की ब्रेक पूर्ण दाबतो आणि त्याच क्षणी स्टिअरिंगही फिरवतो. एबीएस नसेल तर पुढची चाकं जाम होतात आणि गाडी वळत नाही, सरळ घसरत जाते. म्हणून २०१६ची टापटीप, भरपूर फीचर्सवाली गाडी आणि २०१९च्या उत्तरार्धातली साधी गाडी एकाच भावात मिळत असतील, तर आम्ही साधीच घ्या म्हणू. आरसीवर नोंदणीच्या तारखेखेरीज बनावटीचा महिनाही असतो, बघायचा तो.

या भावात आणि या सालात ऑल्टो किंवा क्विड सहज मिळेल. वॅगनआर, सेलेरिओ, सँट्रो, टियागो यांसाठी थोडं फिरावं लागेल. शिकाऊ माणसासाठी आमची पहिली पसंती २०१९नंतरच्या वॅगनआर १.०ला. सीट उंच, काचा मोठ्या, बोनेट कुठे संपतं याचा अंदाज लवकर येतो, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. हायवेवर जास्त जाणार असाल तर टियागो बघा. गाड्यांच्या अपघात-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२०च्या चाचणीत तिला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी चार स्टार होते, २०१९च्या चाचणीत वॅगनआरला दोनच. ऑल्टोच्या ७९६ सीसी इंजिनाला टायमिंग बेल्ट (ठरावीक धावेनंतर बदलावा लागणारा इंजिनातला पट्टा) असतो, तो कधी बदलला ते विचारा. वॅगनआर १.०ला चेन आहे.

आणि दारावर ओरखडे आहेत म्हणून नाक मुरडू नका. त्यावर भाव पाडून मिळतो, आणि पहिल्या सहा महिन्यांत दोन-चार ओरखडे तुम्हीही पाडणारच. साडेतीनातले तीस-चाळीस हजार मात्र बाजूला ठेवा. टायर, बॅटरी, ऑइल, विमा आणि नावावर करण्याचा खर्च त्यातूनच होतो.

प्रश्न : गाडी बघायला जाताना मेकॅनिक बरोबर नसेल तर स्वतः काय काय तपासावं? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ‘गाडी गरम करून ठेवू नका’ असं आदल्या दिवशीच सांगा. पोचल्यावर आधी बोनेटला हात लावा. गरम लागलं तर थंड इंजिनाचा स्टार्ट लपवला जातोय असं समजा आणि थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या.

किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता डॅशबोर्ड बघा. एबीएस, एअरबॅग, चेक इंजिन आणि ऑइल हे दिवे पेटायला हवेत. इंजिन सुरू झाल्यावर ते विझले पाहिजेत. दिवा विझत नसेल तर बिघाड आहे. मुळात पेटलाच नाही तर जास्त वाईट, कारण बिघाड दिसू नये म्हणून कुणीतरी दिवाच काढून ठेवलेला असू शकतो.

सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. हाफ इंजिनचा (इंजिन उघडून पिस्टन-रिंगा बदलण्याचा) खर्च समोर आहे, परत फिरा. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ चालते, पण गाडी तापल्यावरही ती येत राहिली आणि कूलंटची बाटली रिकामी असेल तर हेड गॅस्केटची (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलची) शंका घ्या. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दुधाळ, चिकट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय.

क्लचवर जास्त वेळ घाला, कारण शिकताना सर्वात आधी तोच झिजतो. सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन झटका देऊन बंद पडलं तर क्लच चांगला. ते गुरगुरत चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. ही परीक्षा एकदाच करा, वारंवार केली तर चांगली प्लेटही जळेल. छोट्या गाडीची क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मजुरीसह साधारण सहा-सात हजारांत बसतं. म्हणजे क्लच गेला म्हणून गाडी नाकारायची नाही, तेवढे पैसे कमी करून घ्यायचे.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झालेला टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला असतो, पावसात पकड धरत नाही. पुढच्या टायरची एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, किंवा गाडी कुठेतरी आदळली आहे.

अपघात पत्र्यावर शोधू नका. टचअप सगळेच करतात. पुढच्या मडगार्डचे बोल्ट बघा, त्यांचा रंग खरवडलेला असेल तर पान्हा लागलाय. मडगार्ड बदललं तर बिघडत नाही. पण बोनेट उघडल्यावर दिसणारे एप्रन (दोन्ही बाजूंचे आतले पत्रे) आणि दारांमधले खांब यांवर वेड्यावाकड्या वेल्डिंगच्या खुणा असतील, तर सौदा तिथेच थांबवा.

तुमच्या भागात पुरात बुडालेली गाडी ओळखता यायलाच हवी. २०१९ला कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ला चिपळुणात पाण्याखाली गेलेल्या गाड्यांतल्या काही धुऊन-पुसून दूरच्या बाजारात गेलेल्या असू शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातकट डाग राहतात. सीटखालच्या रेल्सवर गंज आणि फ्यूज बॉक्समध्ये हिरवट थर दिसतो का, बघा. स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यातला गाळ बघा. अशी गाडी महिनाभर छान चालते आणि पहिल्या पावसाळ्यात वायरिंग एकेक करून दगा देतं.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तीस हजार दाखवणाऱ्या गाडीचं क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये झालेल्या सर्व्हिसची नोंद मालकाकडून मागा. प्रत्येक खेपेचं किलोमीटर त्यात असतं.

प्रश्न : गुडघ्याचा त्रास आहे. एएमटीवरच (गिअर आपोआप पडणाऱ्या, क्लच पेडल नसलेल्या गाडीवर) शिकले तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : चालेल. पण एएमटीत क्लच असतोच. तो पायाने दाबायचा नसतो इतकंच. चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याची सवय लागली तर तो लवकर जळतो. जुनी घेताना चढावर थांबून पुन्हा निघून बघा. फार झटके बसत असतील किंवा गिअर पडायला वेळ लागत असेल तर नको, कारण क्लच-गिअर हलवणाऱ्या अॅक्चुएटरचं काम साध्या क्लचच्या कितीतरी पट महाग पडतं.

प्रश्न : दिल्लीची गाडी ऐंशी हजारांनी स्वस्त मिळतेय. घ्यावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ऐंशी हजार तुमच्याकडे राहणार नाहीत. दिल्लीच्या आरटीओची एनओसी, इथला एकरकमी कर, नवा नंबर आणि एजंटचे पैसे जातील. कर गाडीच्या मूळ किमतीवर ठरतो आणि वयाप्रमाणे कमी होतो. तो आधी काढून घ्या, मग बोला. बाराहून अधिक महिने गाडी इथे राहणार असेल तर नोंदणी बदलणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पहिल्याच गाडीला हा व्याप नको. आपल्याच जिल्ह्यातली, एकाच मालकाची गाडी थोडी महाग पडली तरी घ्या.

प्रश्न : व्यवहार पूर्ण झाला. गाडी नावावर व्हायच्या आत लर्निंग लायसन्सवर चालवली आणि ठोकली तर विमा मिळेल का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रीनंतर थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) विमा आपोआप तुमच्याकडे येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी तर १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज करा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. तेवढा फरक भरावा लागतो. आरसीसाठी फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही पैसे देतानाच घ्या. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. थकलेली ई-चालानं ऑनलाइन बघा आणि जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा.

लर्निंगवाल्यालाही विमा लागू होतो, पण नियम पाळले असतील तरच. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा. पुढे-मागे १८ सेंटिमीटर चौरस पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. एकट्याने चालवताना ठोकली तर कंपनी दावा नाकारू शकते, मग चूक समोरच्याची असली तरी तुमच्या गाडीचा खर्च आधी तुम्हालाच करावा लागतो. लर्निंग लायसन्स मिळून ३० दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते, आणि लर्निंगची मुदत सहा महिने असते. आमचा सल्ला, परीक्षेची तारीख आधी घ्या, गाडी मागाहून.