मशीन घेतलंस, आता त्याची मर्यादा ओळख

अगं, जळगावात पार्लर टाकतेयस आणि मायक्रोडर्माब्रेजनचं मशीनही घेतलंस, छान वाटलं. हात बसेलच. आधी एवढं पक्कं ठेव: हे मशीन त्वचेचा अगदी वरचा, मेलेल्या पेशींचा थर काढतं. निस्तेज, खरखरीत चेहरा तजेलदार दिसतो, बारीक रेषा थोड्या पुसट होतात. त्याखालचं काही त्याच्या आवाक्यात नाही.

वांग दाखवायला येणाऱ्या बायका खूप भेटतील. वांगाचा रंग बऱ्याचदा खोलवर असतो, आणि सावळ्या त्वचेवर जोरात घासलं की उलट नवे काळे डाग उठतात. त्यात आपल्याकडचा मे महिना म्हणजे ४५ अंश! शेतात किंवा गाडीवर दिवसभर उन्हात असणारीला मी सरळ सांगते, पावसाळ्यानंतर ये.

नवख्या मुली नेहमी इथे चुकतात:

- लाल, पिकलेल्या मुरुमांवर मशीन फिरवतात. दाह वाढतो.
- मुरुमांचे खोल खड्डे भरून येतील असं कबूल करतात. येत नाहीत.
- लग्नसराईत हळदीच्या आदल्या दिवशी नवरीला पहिल्यांदाच करून देतात.
- काय लावता, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारतच नाहीत. हे सगळ्यात वाईट. पर्समधून मेडिकलची गोरं करणारी ट्यूब निघाली तर थांब. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं, त्याने त्वचा पातळ होते. आयसोट्रेटिनॉइन, म्हणजे मुरुमांवरची गोळी, चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

गजकर्ण, चामखीळ, ओठाजवळ पाण्याचे फोड दिसले की त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठव. गिऱ्हाईक तुटत नाही, उलट विश्वासाने परत येतं. दाब वाढवायचं नंतर बघू, सध्या कमी दाबावरच काम कर.