मुलीला फाइन आर्टला जायचंय. क्लासचे सर म्हणतात, 'म्युझियमबिझियम नंतर, आधी सीईटीची प्रॅक्टिस', म्युझियमं बघत फिरणं म्हणजे वेळ वाया घालवणं. खरं आहे का?

उत्तर द्यायचं नव्हतं. पण तुमच्या प्रश्नातलं ते वाक्य वाचलं, 'म्युझियमबिझियम नंतर, आधी सीईटीची प्रॅक्टिस', आणि तपासायला घेतलेला चित्रांचा गठ्ठा बाजूला सरकवला. मी हायस्कूलला चित्रकला शिकवते. हे वाक्य मी कॉलेजच्या कॅन्टीनपासून ऐकत आलेय. ज्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, तो आमच्या बॅचचा मित्र आज स्वतःच सीईटीचे, म्हणजे कलाशाळेच्या प्रवेश परीक्षेचे क्लास चालवतो. तुमच्या मुलीचे सर म्हणजे तोच, असं मी म्हणत नाही. गाव तुम्ही लिहिलेलं नाही आणि मीही विचारत नाही.

आमच्या कॉलेजची दक्षिणेची सहल होती. विजापूर, बदामी, हंपी, बेलूर, हळेबीड आणि शेवटी म्हैसूर, हा आर्ट कॉलेजांचा ठरलेला रस्ता. कॉलेज कोणतं ते जाऊ द्या, अजून चालू आहे. बदामीला पाऊस, हंपीला ऊन, जेवणात रोज सांबार, आणि प्रत्येक ठिकाणी सरांचं एकच पालुपद: 'चला, चला, पुढचं बंद होईल.' स्केचबुकं सगळ्यांकडे होती, पण बसून काढायला वेळ कोण देतो? मुलं बसमध्ये बसून आदल्या दिवशीचं देऊळ पोस्टकार्डावरून उतरवत होती, कारण सहलीच्या सबमिशनला स्केचेस मोजून घेत.

म्हैसूरला जगन्मोहन पॅलेसमध्ये हळदणकरांची 'निरांजनी' आहे, हे मला ठाऊक होतं. हातात दिवा धरलेली, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा केलेली ती बाई. तुमच्याही कुणा नातेवाइकांच्या दिवाणखान्यात नक्की असेल. आमच्या बॅचमध्ये त्या चित्राची कॉपी म्हणजे हक्काची कमाई होती. कुणाला लग्नात द्यायची असे, कुणाला दवाखान्यात लावायची असे. माझ्या त्या मित्राचा यात हात बसलेला. कॅलेंडरवरून चौकोन पाडून घ्यायचे, मागे काळं-तपकिरी भरायचं, वर पोस्टर कलरने साडी, आणि शेवटी वातीवर पांढऱ्यात लेमन यलो कालवून एक जाड ठिपका. ठिपका दिला की बघणारा 'वा!' म्हणायचा. एका रात्रीत एक कॉपी व्हायची.

पॅलेसमध्ये त्या खोलीत उजेड मुद्दाम कमी ठेवला होता आणि गर्दी ही एवढी. शेजारच्या टुरिस्ट ग्रुपचा माणूस सांगत होता, 'राजा रविवर्मा, राजा रविवर्मा.' हे तिथे नेहमीचं आहे, कित्येक जण आजही ते चित्र रविवर्म्याचंच समजतात. पण आमचे सरही म्हणाले, 'बघा रे, रविवर्म्याचं ऑइल.' मी म्हटलं, 'सर, सावळाराम हळदणकरांचं आहे. सावंतवाडीचे. आणि वॉटरकलर आहे.' सरांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, 'बरं बरं, पुढे चला.'

मी हलले नाही. मित्र थांबला, तो मला चिडवायला. म्हणाला, 'प्रिंटमध्ये आणि यात फरक काय? काच तिकडेही आहे आणि इकडेही.' मी त्याला म्हटलं, 'वातीकडे बघ. मग बोटं बघ.'

आता हे नीट सांगते, कारण सगळं भांडण इथेच आहे. जलरंगात उजेड रंगवता येत नाही. उजेड म्हणजे कागद. जिथे सगळ्यात जास्त उजेड हवा तिथे सगळ्यात कमी रंग, आणि ते पहिल्या वॉशच्या, म्हणजे पातळ रंगाच्या पहिल्या थराच्याही आधी ठरवावं लागतं. एकदा कागद गढूळ झाला की संपलं. तैलरंगात चुकलं तर वर दुसरा थर देता येतो, इथे ती सोय नाही. हळदणकरांनी दिव्याचा विषय मुद्दाम जलरंगात घेतला तो याच खोडीसाठी. समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी गीता, म्हणजे पुढे कोल्हापूरच्या गीता उपळेकर, ज्या 2018 साली 102 वर्षांच्या होऊन गेल्या. तर त्या चित्रात ज्योतीपाशी रंग जवळजवळ नाहीच. ज्योतीआडच्या बोटांच्या कडा लालसर आहेत, टॉर्चवर तळहात धरला की दिसतात तशा, आणि तो लाल इतका पातळ आहे की खालून कागद उजळतो. चेहऱ्यावरचा उजेड हनुवटीकडून वर जाताना कुठे संपतो ते दाखवताच येत नाही. मागे भिंतीवर तिची सावली. काळा म्हणून काळा रंग त्या सावलीत मला सापडला नाही. कॅलेंडरच्या प्रिंटमध्ये ही सावली म्हणजे नुसता डांबराचा पट्टा असतो, बोटं भगवी आणि वात पांढरी फटक. प्रिंटवरून कॉपी करणाऱ्याला वाटणारच की पांढरा ठिपका दिला की दिवा लागला.

मित्र बराच वेळ बघत राहिला. नंतर म्हणाला, 'असेल. पण गिऱ्हाइकाला कळतं का?' बस! हेच आमचं भांडण, आजतागायत.

खाली बस हॉर्न देत होती. रात्री सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली आणि सहलीच्या रिपोर्टात माझे मार्क कापले गेले, 'शिस्त' या रकान्यात. ज्या कलाशाळेत एका चित्रासमोर थांबणं हा बेशिस्तपणा धरला जातो, तिथे मी तीन वर्षं काढलेली आहेत, त्यामुळे कलाशाळांचे गोडवे मी गाईन अशी अपेक्षा ठेवू नका.

आणि तरीही मुलीला कलाशाळेतच घाला. घरी बसून, व्हिडिओ बघून हात चालतो, नाही असं नाही. पण समोर जिवंत मॉडेल, खिडकीतून येणारा एकच उजेड, आणि त्याच मॉडेलला पंधरा जण पंधरा जागांवरून काढताहेत, हे घरी कुठून आणणार? मास्तर अर्धं शिकवतात, उरलेलं शेजारच्या बोर्डावर बघून येतं. एसटी स्टँडवर आणि बाजारात पॅड घेऊन बसायची लाजही तिथेच जाते, कारण चौघी मिळून बसतात.

आता क्लास. सीईटीला स्मरणचित्राचा, म्हणजे दिलेला प्रसंग आठवून काढायचा पेपर असतो, समोर ठेवलेल्या वस्तूंच्या चित्राचा, म्हणजे वस्तुचित्राचा असतो, डिझाइनचा असतो, आणि वर जनरल नॉलेजचा. क्लासवाले स्मरणचित्राचे साचे पाठ करून घेतात. भाजी मंडई म्हटलं की पुढे पाठमोरी बाई, डोक्यावर पाटी. बसस्टॉप म्हटलं की तीच पाठमोरी बाई, पाटीच्या जागी पिशवी. पाठमोरी का, तर तोंड काढायला नको. कोपरा रिकामा राहिला तर झाड. इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेच्या मुलांची चित्रं तपासताना मला क्लास ओळखता येतात, बाईच्या अंबाड्यावरून. ए ग्रेडला दहावीत 7 मार्क वाढून मिळायला लागल्यापासून तर विचारू नका, पालक मला पहिला प्रश्न ग्रेडचाच विचारतात. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मित्र दरवर्षी निकालाचं बॅनर टाकतो, सगळे अंगठे दाखवतात. मी एकदा लिहिलं, 'एका तरी बाईचं तोंड इकडे वळव.' त्याने हसण्याचा इमोजी पाठवला. वर लिहिलं, 'मॅडम, सीट किती आहेत ते बघा आधी.'

त्याला एक गोष्ट सांगायची राहून गेली, ती तुम्हाला सांगते. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं 1857 मध्ये. तिथले प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायला लागले, ते 1885 पर्यंत. चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांतलेच. लेण्यांतल्या अंधारात बसून, भिंतीवरून रेषा न् रेषा उतरवायची, असं वर्षानुवर्षं चाललं. त्यांतल्या कितीतरी प्रती लंडनला 1885 च्या आगीत जळून गेल्या. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हिशेबाने मेहनत पाण्यात. पण त्या पोरांच्या हातात जे आलं ते काही लंडनला जळालं नाही. मुंबईतल्या पहिल्या कलाशाळेने मुलांना मूळ चित्रासमोर तेरा वर्षं बसवलं, आणि आज क्लासवाले म्हणतात वेळ नाही.

म्हणून न्याच मुलीला. पण सहल काढल्यासारखं नेऊ नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एका दिवसात सगळे मजले बघितले तर संध्याकाळी फक्त पाय दुखतात. एक दालन धरा. वर टाटांच्या संग्रहातली युरोपियन तैलचित्रं आहेत, तिथेच सोडा तिला दोन तास आणि तुम्ही खाली बागेत बसा. समोर उभं राहून 'काय गं, काय दिसतंय?' विचारू नका. तिथून चालत जहांगीर आर्ट गॅलरी, तिकीट नाही, आणि बऱ्याचदा चित्रकार स्वतः तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला विचारायचं, हा कागद कुठला, हा रंग कसा दिला. बहुतेक जण सांगतात. चौकात पलीकडे एनजीएमए, म्हणजे आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय, सोमवारी बंद. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, आणि तिथले मातीचे छोटे पुतळे स्मरणचित्रासाठी सोनं आहेत. जुन्या मुंबईतली माणसं कशी बसायची, पगडी कशी बांधायची, सगळं तिथे आहे, तोंडासकट!

मुंबई लांब पडत असेल तर साताऱ्याकडचं औंध. यमाईच्या डोंगरावरचं श्रीभवानी संग्रहालय औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभं केलं. रविवर्म्याची 'सैरंध्री' तिथे आहे, म्हणजे खरा रविवर्मा. इंग्लंडचा जगप्रसिद्ध शिल्पकार हेन्री मूर, त्याचं 'मदर अँड चाइल्ड'ही तिथे आहे. खटाव तालुक्यात हेन्री मूर! लोक यमाईचं दर्शन घेतात, भजी खातात आणि परत जातात.

नेताना पेन्सिल, खोडरबर आणि लहान पॅड एवढंच न्या. रंग, चारकोल, पाण्याची बाटली दारातच अडवतात आणि बरोबरच करतात. स्केच करायचं असेल तर आधी तिथल्या गार्डला विचारायचं. नीट विचारलं तर ते स्वतः स्टूल आणून देतात, हा माझा अनुभव. शाळेच्या चाळीस पोरांना घेऊन गेलं की मात्र तेच गार्ड वेगळे वागतात, त्यालाही कारणं आहेत, माझीच पोरं आहेत, मला माहीत आहेत.

आता मित्राच्या बाजूचंही थोडं लिहिते, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच. सीट कमी आहेत हे त्याचं खरं. परीक्षेच्या आधीचे दोन-तीन महिने साचे पाठ करण्यात घालवले तर काही बिघडत नाही, मीही शाळेत करून घेतेच. त्याच्या क्लासची मुलं दरवर्षी चांगल्या कॉलेजला लागतात आणि माझ्या शाळेतून क्वचित एखादं. आणि पोटापाण्याचा विचार असेल तर पेंटिंगपेक्षा उपयोजित कला, म्हणजे जाहिरात-डिझाइनची बाजू बरी, कलाशिक्षकांच्या जागा कुठे निघताहेत हल्ली? तेव्हा क्लास बंद करा असं मी म्हणत नाही. रविवार क्लासला देऊ नका, एवढंच म्हणते. रविवारी एकच चित्र बघू द्या, आणि घरी आल्यावर ते आठवून काढू द्या. स्मरणचित्राची तयारी म्हणतात ती हीच, फक्त सरांना तसं सांगू नका.

म्हैसूरला जाणं झालंच तर कमी गर्दीच्या वेळी जा. काचेवर चमक येते, थोडं बाजूला उभं राहून बघायचं. आम्ही गेलो तेव्हा फोटो काढू देत नव्हते, ते एक बरंच होतं.

खर्चाचं विचारलं नाहीत, पण सांगून ठेवते. सरकारी कॉलेजला फीपेक्षा सामानाचा खर्च जास्त. पहिल्या दिवशी हातात जी यादी पडेल ती सगळी घेऊन टाकू नका. पहिलं वर्ष साध्या कार्ट्रिज पेपरवर निघतं. बोर्ड, ईझल, मोठे ब्रश हे शेवटच्या वर्षाच्या मुली निघताना निम्म्या किमतीत देतात, घासाघीस केली तर त्याहून कमीत. वॉटरकलरचा कागद आणि एक बरा सेबल ब्रश मात्र नवा घ्या, त्यात काटकसर नको. आणि पोस्टर व्हाइटची मोठी बाटली यादीत असेलच, ती सगळ्यात शेवटी घ्या.